कोरड्या कातळावर आइस ॲक्स: कुठे चालते, कुठे नाही आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांनी मिक्स्ड क्लाइंबिंगसाठी, म्हणजे बर्फ आणि खडक एकमेकांत मिसळलेल्या भिंतींवर, जायचं आहे. सरावाला जवळपास बर्फ नाही. नेहमीच्या कड्यावर एक सुरेख उभी भेग आहे, हातांनी चढायची, सगळ्यांच्या ओळखीची. तिच्यात जुन्या पिटॉनच्या, म्हणजे भेगेत ठोकायच्या धातूच्या खिळ्यांच्या, खुणा आधीपासूनच आहेत. वरून दोर लावून (टॉप रोपवर), आइस ॲक्स म्हणजे बर्फात मारायची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन म्हणजे बुटांना लावायचे पोलादी काटे वापरून ती चढली तर काय बिघडेल? आल्प्समध्ये तर लोक कोरड्या खडकावर सर्रास क्रॅम्पॉन घालून चढतात.

त्या भेगेवर नको. एकदाही नको आणि टॉप रोपवरही नको. टॉप रोपमुळे तुम्ही सुरक्षित राहता, भेग राहत नाही. उलट पडायची भीती नसली की माणूस पाय निष्काळजीपणे टाकतो आणि तीच जागा एका दुपारी दहा वेळा चढतो.

मात्र कोरड्या खडकाला ॲक्स लावणं मुळातच वाईट, असं मी मानत नाही. पंचवीस वर्षं मी ते करतो आहे, इतरांना शिकवतोही. त्यामुळे हे उत्तर नुसतं ‘नाही’ म्हणून संपत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. या वादात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. एक शैलीचा आणि दुसरा नीतीचा. ड्राय टूलिंगमध्ये, म्हणजे कोरड्या खडकावर ॲक्सने चढण्यात, ‘फिगर फोर’ नावाची हालचाल आहे. एका ॲक्सवर लटकून पाय स्वतःच्याच विरुद्ध हाताच्या कोपरावरून टाकायचा आणि त्यावर जवळजवळ बसून दुसरा हात लांब पोहोचवायचा. काहींना ही हालचाल मान्य नाही. ते ‘डीटीएस’ म्हणजे ड्राय टूलिंग स्टाइलने चढतात आणि ती टाळतात. पूर्वी टाचेला काटे लावून छताला वटवाघळासारखं लटकता यायचं. पुढे स्पर्धांमध्ये त्या काट्यांवर बंदी आली. यावर रात्रभर वाद घालता येईल, पण हे सगळं शैलीत मोडतं. तुम्ही फिगर फोर केलीत म्हणून उद्या त्या मार्गावर येणाऱ्याचं काही कमी होत नाही. जिथे कमी होतं, तिथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. तुमची भेग त्या दुसऱ्या प्रकारात येते.

बर्फावर ॲक्स मारली की भोक पडतं. पाणी झिरपून पुन्हा गोठलं की ते बुजतं आणि हंगाम संपला की अख्खा धबधबा वितळून जातो. पुढच्या वर्षी येणाऱ्याला कोरी पाटी मिळते. बर्फावर चढणाऱ्याला याची इतकी सवय होते की आपण मागे काही ठेवून जात नाही असं त्याला वाटू लागतं. खडकाच्या बाबतीत हे खोटं आहे. आपल्या आयुष्याच्या मापाने खडक भरून येत नाही.

नुकसान किती होतं, याचा साधा हिशोब करू. ७० किलोचा माणूस एका हाताच्या चार बोटांवर लटकला तर ते वजन साधारण ८ चौरस सेंटिमीटर कातडीवर पसरतं. दाब एका मेगापास्कलपेक्षाही कमी होतो. तेच वजन पिकच्या, म्हणजे ॲक्सच्या टोकदार पात्याच्या, टोकावर, समजा ५ चौरस मिलिमीटरवर, आलं तर दाब सुमारे १४० मेगापास्कल होतो. चांगला ग्रॅनाइट १०० ते २५० मेगापास्कल सोसतो, वालुकाश्म बरेचदा शंभराच्याही खाली चिरडतो. म्हणजे तुम्ही नुसते शांतपणे लटकलात तरी खडकाच्या सहनशक्तीच्या काठावर असता. ॲक्स जराशी घसरली, हिसका बसला, तर काठ ओलांडलाच.

हे झालं नुसतं अडकवण्याबद्दल. भेगेत तर आपण ॲक्स पिळतो. पिक आत घालायची, दांडा बाजूला ओढायचा आणि पातं दोन भिंतींमध्ये आवळून बसवायचं. याला टॉर्क करणं म्हणतात. दांडा सुमारे ५० सेंटिमीटरचा आणि पातं भेगेच्या दोन भिंतींना जिथे टेकतं त्या दोन जागांमधलं अंतर २ सेंटिमीटर धरलं, तर ती २५ पटीची पहार झाली. शरीराचं निम्मं वजन, म्हणजे ३५ किलो, दांड्याच्या टोकावर आलं की कागदावर ८७५ किलोचा जोर होतो. घर्षण, दांड्याचा बाक आणि ओढण्याची दिशा यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो. पण खाणकामगार दगड उचकटायला पहार वापरतो ती याच तत्त्वाने. म्हणूनच पिळण्यासाठी घडवलेल्या ‘टी’ दर्जाच्या पिक साध्या ‘बी’ दर्जाच्या पिकपेक्षा मजबूत असाव्या लागतात. पोलादालाच जो ताण सोसायला खास घडवावं लागतं, तो भेगेच्या कडेच्या अंगठ्याएवढ्या पापुद्र्याने सोसावा अशी आपली अपेक्षा असते.

खडकाची जात इथे फार महत्त्वाची ठरते. चुनखडीतलं कॅल्साइट कठीणपणाच्या मोह्स मापावर ३ आहे. पिकचं पोलाद त्याला खडूसारखं ओरखडतं. ग्रॅनाइटमधलं क्वार्ट्झ ७ आहे, ते सहज ओरखडत नाही, पण स्फटिक एकमेकांपासून सुटतात. सगळ्यात फसवा वालुकाश्म. वर्षानुवर्षांच्या ऊन-पाण्याने त्याच्यावर एक टणक साल तयार झालेली असते. ती साल फुटली की आतला भुसभुशीत दगड उघडा पडतो आणि मग तिथला होल्ड, म्हणजे पकडायची जागा, नुसत्या हातांनीच दर मोसमात मोठा होत जातो. ओला वालुकाश्म तर आणखी कमजोर. एल्बे नदीकाठच्या सॅक्सनीतल्या आरोहकांनी हे इतकं मनावर घेतलं आहे की तिथे धातूचे नट आणि फ्रेंड, म्हणजे दोर गुंतवायला भेगेत अडकवायची साधनं, हीसुद्धा चालत नाहीत. गाठ मारलेल्या दोऱ्या भेगेत अडकवून ते चढतात.

आणि पाय. सगळे ॲक्सबद्दल बोलतात, पण माझ्या पाहण्यात क्रॅम्पॉन जास्त खुणा ठेवतात. एकेका ॲक्समागे पाय तीन-चार वेळा हलतो, तोही न बघता. गुळगुळीत उतारावर पुढचे काटे घसरले की हातभर लांब पांढरी रेघ उमटते. शिवाय शेवाळ आणि दगडफूल खरवडलं जातं. ते परत यायला कित्येक वर्षं लागतात.

हे मी पुस्तकी सांगत नाही. पंचविशीत असताना एका मोहिमेच्या आधी मी अगदी तुमच्यासारखाच विचार केला होता. कड्यावर दोन टप्प्यांची एक भेग होती, नवशिक्यांना आम्ही पहिली लीड, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढण्याची संधी, तिथेच द्यायचो. मधोमध उजव्या हाताला एक पापुद्रा होता, मागे चार बोटं अगदी घट्ट बसायची. प्रत्येक जण तिथे थांबून श्वास घ्यायचा आणि एक नट बसवायचा. मी त्या पापुद्र्यामागे पिक घातली, वजन टाकलं आणि तो सुटला. आवाज फारसा झाला नाही. खाली कोणी नव्हतं हे नशीब. जिथे तो होता तिथे ताटलीएवढा फिकट डाग राहिला, बाकी सगळा कातळ काळा. दोन वर्षांनी मी एका मुलीला बिले देत होतो, म्हणजे खालून तिचा दोर सांभाळत होतो. ती त्या जागेपर्यंत आली, उजवा हात डागावरून फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “दादा, इथे काहीच नाहीये.” ती खाली आली. तिची चूक काहीच नव्हती. तिला मिळायला हवी होती ती पकड मी एका दुपारच्या सरावासाठी खर्च केली होती. आजही तो डाग बाकीच्या कातळाच्या रंगात मिसळलेला नाही.

तुमच्या पिटॉनच्या मुद्द्याकडे येतो, कारण त्यात दम आहे. खुणा आधीच आहेत, मग आणखी चारने काय फरक पडतो? हा वाद अमेरिकेतल्या योसेमिटीत एकदा होऊन गेला आहे. युरोपातले पिटॉन मऊ लोखंडाचे, एकदा ठोकले की बहुधा तिथेच राहायचे. १९४० च्या दशकात जॉन सलाथेने कठीण पोलादाचे पिटॉन घडवले. ते ठोकायचे, काढायचे आणि पुढे परत वापरायचे. खडकात लोखंड मागे राहत नाही म्हणून हे सुधारलेलं वाटलं. पण प्रत्येक चढाईत तीच भेग ठोकली आणि उचकटली जाऊ लागली. केसाएवढ्या भेगांची बोटभर भोकं झाली. १९७२ मध्ये इव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी आपल्या सामानाच्या कॅटलॉगमध्ये हे उघडपणे मांडलं आणि हातोडा न लागणाऱ्या नटांचा पुरस्कार केला. त्याच कॅटलॉगमध्ये डग रॉबिन्सनने स्वच्छ चढाईवर सविस्तर लिहिलं. स्वतःच्या धंद्यातला खपणारा माल वाईट आहे असं सांगणारे हे लोक होते, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पुढच्याच वर्षी गेलन रोवेल, डेनिस हेनेक आणि रॉबिन्सन योसेमिटीतल्याच हाफ डोमची वायव्य भिंत हातोड्याविना चढले.

आता गंमत बघा. योसेमिटीतल्या सेरेनिटी क्रॅकवर आज लोक आनंदाने हातांनी चढतात, कारण पिटॉनच्या जखमांमध्ये बोटं जातात. हे उदाहरण देऊन मला सांगितलं जातं की बघा, नुकसानीतून मार्गच तयार झाला. झाला, खरं आहे. पण त्या भेगेवर मूळ काय होतं आणि कोणी ती मूळ रूपात किती सुंदर चढली असती, हे आता कुणालाच कळणार नाही. शिवाय पिटॉन ठोकणारे तेव्हा नाइलाजात होते, दुसरं साधन हाताशी नव्हतं. तुमच्यासमोर तो नाइलाज नाही. तुमच्या भेगेतल्या खुणा जुन्या पिढीचं कर्ज आहेत. कर्ज आधीच आहे म्हणून आणखी काढावं, हा हिशोब मला पटत नाही.

आता आल्प्सचा मुद्दा. तिथे चालतं, कारण तिथे प्रसंग वेगळा असतो. उंच उत्तर भिंतीवर बर्फाची पट्टी संपते, दहा मीटर खडक येतो, पुन्हा बर्फ. हवा उणे पंधरा. क्रॅम्पॉन काढा, हातमोजे काढा, दहा मीटरनंतर परत घाला, असं केलं तर बोटं जातील आणि वेळ जाईल. अशा भिंतीवर वेळ म्हणजे दगड कोसळण्याआधी बाहेर पडण्याची संधी. शिवाय त्या दहा मीटरवर रॉक शूज घालून कोणी यायचंच नसतं. तरी तिथेही खडकाला किंमत मोजावी लागते. शॅमनीच्या वरच्या कॉस्मिक आरेट या धारेवर जाऊन बघा, क्रॅम्पॉनच्या ओरखड्यांनी वाट आपोआप दिसते. पूर्ण कोरड्या, उबदार दिवशी अशा धारेवर क्रॅम्पॉन काढण्याचे कष्ट बरेच जण घेत नाहीत. मी गटाला काढायला लावतो. पाच मिनिटं जातात.

सगळ्यात विचारपूर्वक घडवलेला संकेत मला स्कॉटलंडचा वाटतो, आणि त्यात एक प्रामाणिक अडचणही आहे. तिथे हिवाळी चढाई मोजली जाते ती मार्ग ‘हिवाळ्यात’ असेल तरच. भिंत बर्फाने किंवा हिमतुषारांनी पांढरी हवी, मातीचे गवताळ पुंजके दगडासारखे गोठलेले हवेत. काळ्या, कोरड्या खडकावर ॲक्सने चढलात तर ती हिवाळी चढाई नव्हे. उन्हाळ्यात हातांनी चढायच्या कितीतरी भेगा, उदाहरणार्थ केर्नगॉर्म्समधली सॅव्हेज स्लिट, हिवाळ्यात याच नियमाने चढल्या जातात.

गोठलेल्या मातीची अट सरळ समजते. मऊ पुंजक्यात पिक मारली तर तो मुळासकट उपटून येतो. त्यावरची दुर्मीळ पहाडी वनस्पती जाते आणि पुढच्याचा होल्डही जातो. वेल्समधल्या कुम इडवालला स्नोडन लिली उगवते ती अशाच कपारींत. तिथे आणि लेक डिस्ट्रिक्टमधल्या हेल्वेलिन, ग्रेट एंड या कड्यांवर ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलने जमिनीचं तापमान मोजणारी उपकरणं बसवली आहेत. घरून निघण्याआधीच माती गोठली आहे की नाही ते बघता येतं. ही सोय मला फार आवडते. ‘तिथे जाऊन बघू’ म्हटलं की पाच तास गाडी चालवून आलेला माणूस मागे फिरत नाही.

पण पांढरेपणाची अट? हिमतुषारांचा बोटभर थर भेगेचं रक्षण करत नाही. पिक त्यातून जाऊन त्याच खडकाला लागते, तेवढ्याच जोराने. अनेक वर्षं मला हा नियम ढोंगी वाटायचा. आता वाटत नाही. तो खडकाच्या ताकदीबद्दल नाहीच, तो दिवसांच्या रेशनिंगबद्दल आहे. उंचावरचा कडा पांढरा असतो ते वर्षातले मोजके दिवस. वाट लांब, दिवस छोटा, हवामान वाईट. एवढी किंमत मोजून फार थोडे जण येतात. ‘कोरडं असलं तरी चालेल’ म्हटलं की तोच मार्ग वर्षभर खुला होतो आणि काही हंगामांत त्याच्या कडा गोल होतात. म्हणजे नियम नुकसान थांबवत नाही, त्याला वेसण घालतो. स्कॉटलंडचे लोकप्रिय मार्ग तरीही ओरखडलेले आहेत. सौम्य, सखल भागातल्या, उन्हाळ्यात गजबजलेल्या मार्गांवर मी पांढऱ्या दिवशीही जात नाही, कारण तिथे ही वेसण टिकत नाही. सगळे आरोहक माझ्याशी सहमत नाहीत. मी माझ्या जागी ठाम आहे.

मग कोरडं ड्राय टूलिंग करायचं कुठे? ज्या खडकाची हातांनी चढणाऱ्याला गरज नाही तिथे. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलनेही प्रस्थापित प्रस्तर-मार्गांवर ते नको, अशीच भूमिका घेतली आहे. ब्रिटनमध्येच त्यासाठी राखलेल्या जागा आहेत: स्कॉटलंडमध्ये डंकेल्डजवळची न्यूटाइलची स्लेटची खाण, लेक डिस्ट्रिक्टमध्ये हॉज क्लोजजवळ ‘द वर्क्स’, उत्तर वेल्समध्ये ‘व्हाइट गुड्स’. बहुतेक अशा जागा भुसभुशीत, ओल्या, अंधाऱ्या असतात. दुसरं कोणी तिथे फिरकत नाही. अशा ठिकाणी खडकात कायमचे बसवलेले बोल्ट असतात आणि ड्रिलने पाडलेले होल्डही असतात. नैसर्गिक कड्यावर होल्ड कोरला तर मी त्या माणसाशी बोलणं सोडेन. सुरुंगाने फोडलेल्या खाणीत तोच होल्ड मला खटकत नाही, कारण तिथे मूळ रूप असं काही उरलेलंच नाही. या खेळाची पातळीही अशाच राखीव जागांत वाढली. डोलोमाइट्समधल्या ‘टुमॉरोज वर्ल्ड’ या गुहेत टॉम बॅलार्डने २०१६ मध्ये डी१५ दर्जाचा (ड्राय टूलिंगच्या काठिण्याच्या मापावर) मार्ग चढला.

‘अजून कोणीच चढलेलं नाही’ अशी कोरी भिंत दिसली तरी ती मोकळी समजू नका. आज ॲक्सशिवाय अशक्य वाटणारी बारीक भेग दहा वर्षांनी कोणीतरी हातांनी चढेल. पूर्वी ठोकून-लटकून चढलेल्या कितीतरी भिंती पुढे हातांनी चढल्या गेल्या आहेत. ती शक्यता संपवायचा अधिकार आपल्याला नाही. शंका असेल तिथे त्या भागातल्या जुन्या आरोहकांना आधी विचारा. नंतर मागितलेल्या माफीने पापुद्रा परत चिकटत नाही. आणि ॲक्सने चढलात तर तसंच सांगा, हातांनी चढल्यासारखं मोघम बोलू नका.

तुमच्या दोन महिन्यांना खरं तर खडकाची फारशी गरज नाही. मिक्स्ड चढाईत कमी पडते ती एका हातावर लटकून थांबण्याची ताकद आणि वजन टाकलेली ॲक्स हलू न देण्याची सवय. दोन्ही लाकडावर येतात. एक जाड तुळई आडवी टांगा, वर दोन-तीन लाकडी ठोकळे स्क्रूने बसवा आणि पिक त्यांवर नुसती ठेवून हालचाली करा. ठोकायचं नाही. दांडा वर-खाली, आत-बाहेर झाला की पिक सुटते. हा धडा चार दिवसांत मनगटात उतरतो. खाली जाड गादी आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. सुटलेली ॲक्स सरळ तोंडावर येते, मी टाके पडलेले बघितले आहेत. पायांसाठी वेगळा सराव करा. मोठे बूट घालून, क्रॅम्पॉनशिवाय, सोप्या खडकावर पाय बघून ठेवायचा आणि उठेपर्यंत तसूभर हलवायचा नाही. पाय शांत झाले की क्रॅम्पॉनचे निम्मे ओरखडे आपोआप टळतात.

शेवटचे दोन आठवडे जमलं तर राखीव खाणीत जा. तिथेही जिथे बोटांनी धरता येतं तिथे ॲक्स खांद्याला अडकवून हात वापरा, कारण मिक्स्डमध्ये हेच लागणार आहे. सरावाला जुन्या पिक ठेवा, मोहिमेच्या वेगळ्या. टोक बोथट झालं तर हाताने कानस चालवा, ग्राइंडर लावू नका. पोलाद तापलं की त्याचं पाणी उतरतं आणि मग तीच पिक नेमकी वरच्या भिंतीवर वाकते.